मेलाटोनिन आणि जेट लॅग: मुंबई–न्यूअर्कसाठी किती घ्यायचं, केव्हा घ्यायचं?

चाफेकळी
आई-बाबा (वय ६८ आणि ७२) जूनच्या पहिल्या आठवड्यात पुण्याहून न्यू जर्सीला निघतायत. मुंबई–न्यूअर्क थेट विमान आहे, मध्यरात्रीनंतर १ च्या सुमारास सुटतं आणि तिकडे सकाळी ७:३० ला उतरतं. दोघंही रात्री १० ला झोपतात आणि पहाटे ५:३० ला उठतात. जेट लॅगसाठी, म्हणजे तिकडे पोचल्यावर झोपेच्या वेळा बिघडतात त्यासाठी, बहिणीने मेलाटोनिनच्या (झोपेचं हार्मोन) १० मिलिग्रॅमच्या गमीज (चघळायच्या मऊ गोळ्या) आणून ठेवल्यात, वर लिहिलंय "रोज रात्री २". ही मात्रा बरोबर आहे का? गोळी विमानात द्यायची की पोचल्यावर? बाबांना रक्तदाबासाठी अ‍ॅम्लोडिपिन चालू आहे. आईला मधुमेह आहे, रात्री इन्सुलिन घेते. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावं.

रात्रपाळी_दादा
१० मिलिग्रॅम म्हणजे काहीच नाही, ते नैसर्गिक असतं. निर्धास्त द्या.

गोळीवाली_मावशी
ताई, वरच्या प्रतिसादावर जाऊ नका. २ गमीज म्हणजे २० मिलिग्रॅम की १०, हे आधी बाटलीच्या मागच्या बाजूला बघा. पुढे लिहिलेला आकडा बहुतेक वेळा एका "सर्व्हिंग"चा असतो, आणि एक सर्व्हिंग म्हणजे दोन गमीज असू शकतात.

दोन्ही हिशोबांनी ती मात्रा जास्तच आहे. जेट लॅगवर झालेल्या चाचण्यांचा कोक्रेनचा (वैद्यकीय चाचण्या एकत्र करून तपासणारी संस्था) आढावा २००२ चा आहे. त्यातल्या १० पैकी ९ चाचण्यांत पाच किंवा जास्त टाइम झोन ओलांडणाऱ्यांना मेलाटोनिनचा फायदा दिसला. मात्रा ०.५ ते ५ मिलिग्रॅम. घड्याळ सरकवायला ०.५ आणि ५ जवळपास सारखेच ठरले, फक्त ५ वाल्यांना झोप लवकर आणि बरी लागली. ५ च्या वर गेल्याने जास्त काही मिळालं नाही. हळूहळू सुटणारी २ मिलिग्रॅमची गोळी मात्र फारशी चालली नाही, कारण घड्याळाला छोटा, ठळक इशारा लागतो.

या वयाला १ ते ३ मिलिग्रॅमची साधी गोळी पुरे. बाटलीवर "एक्स्टेंडेड रिलीज" किंवा "टाइम रिलीज" असेल तर ती जेट लॅगसाठी नको.

घड्याळ_दुरुस्ती
मावशींशी सहमत. पण मात्रेपेक्षा वेळ महत्त्वाची, आणि धाग्याचा खरा प्रश्न तिथेच आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

मेलाटोनिन ही झोपेची गोळी नाही. अंधार पडला की मेंदूतली पिनियल ग्रंथी ते सोडते आणि शरीराला "रात्र झाली" असं कळतं. मुख्य घड्याळ मेंदूत खाली, हायपोथॅलॅमसमध्ये असतं. जेमतेम २०,००० पेशींचा ठिपका आहे तो. डोळ्यातून येणाऱ्या उजेडावर ते रोज जुळवलं जातं. बाहेरून मेलाटोनिन दिलं की घड्याळाला खोटी संध्याकाळ किंवा लांबलेली रात्र दिसते. शरीराच्या हिशोबाने संध्याकाळी दिलं तर घड्याळ पुढे येतं, म्हणजे झोप लवकर येऊ लागते. शरीराच्या हिशोबाने सकाळी दिलं तर घड्याळ मागे जातं. उजेडाचं बरोबर उलटं: शरीराच्या पहाटेनंतरचा उजेड घड्याळ पुढे आणतो, त्याआधीचा मागे ढकलतो.

ही "पहाट" म्हणजे शरीराचं तापमान सर्वात खाली जातं तो क्षण, रोजच्या उठण्याच्या आधी साधारण २ ते ३ तास. ५:३० ला उठणाऱ्याची ती ३ च्या आसपास धरू. बाकी सगळं गणित या एका वेळेवर आहे.

जूनमध्ये न्यू जर्सी भारताच्या ९:३० तास मागे. भारतातले पहाटेचे ३ म्हणजे तिथले आदल्या संध्याकाळचे ५:३०. रात्री १० ते ५:३० ही त्यांची झोप तिथे पडते दुपारी १२:३० ते रात्री ८ मध्ये. म्हणून पोचल्यावर जेवणानंतर डोळे मिटतात आणि रात्री ९ ला टक्क जाग असते. पश्चिमेला जाताना घड्याळ मागे ढकलायचं असतं. तेव्हा:

पहिल्या दिवशी दुपारी १२ ते ५ घराबाहेर, उघड्या आकाशाखाली. ५:३० नंतर उजेड कमी. मेलाटोनिन रात्री ९:३०–१० ला, म्हणजे भारतीय वेळेने सकाळी ७–७:३०. शरीराच्या हिशोबाने ती सकाळ आहे, त्यामुळे गोळी झोपही आणते आणि घड्याळ योग्य दिशेला ढकलते. पश्चिमेच्या या प्रवासात झोपायची वेळ आणि घड्याळाला हवी ती वेळ आपसूक जुळतात, ही मोठी सोय आहे.

पाऊलवाट
संध्याकाळी उजेड कमी? सगळीकडे उलट वाचलंय, की सूर्य मावळेपर्यंत बाहेर बसवा. जूनमध्ये तिथे ८:३० पर्यंत उजेड असतो, तो वाया का घालवायचा?

घड्याळ_दुरुस्ती
ते तिसऱ्या दिवसापासून बरोबर आहे. पहिल्या दिवशी ५:३० नंतरचा उजेड त्यांच्या शरीराच्या पहाटेनंतर येतो, म्हणजे घड्याळ पुढे ओढतो. एकाच दिवशी दुपारचा उजेड मागे ढकलतो आणि संध्याकाळचा पुढे, मग घड्याळ जागच्या जागी राहतं. लोक म्हणतात "आठवडा झाला तरी काही फरक नाही", त्यामागे बरेचदा हीच खेचाखेच असते.

पश्चिमेला घड्याळ रोज साधारण दीड तास सरकतं. दुसऱ्या दिवशी ती सीमा संध्याकाळी ७ वर येते, तिसऱ्या दिवशी ८:३० वर. तोवर सूर्य मावळतोच. म्हणजे पथ्य फक्त दोन संध्याकाळींचं आहे: पडदे ओढा, बाहेर जावंच लागलं तर गडद गॉगल, घरात छतावरचे दिवे बंद आणि कोपऱ्यातला एक पिवळा दिवा.

पाऊलवाट
आता उलगडलं. धन्यवाद. हे आधी कुणी सांगितलंच नव्हतं.

निद्रादेवी_प्रसन्न
वाचनखूण साठवली.

जायफळ
एवढ्या उठाठेवीपेक्षा कोमट दुधात जायफळ उगाळून द्या. आजीच्या काळापासून चालत आलंय.

गोळीवाली_मावशी
जायफळकाका, सहाणेवर दोन-चार वळसे उगाळून दुधात घेतलं तर काही बिघडत नाही, मनालाही बरं वाटतं. पण ते घड्याळ सरकवत नाही, आणि इथे अडचण घड्याळाची आहे. एक इशारा मात्र देते: "थोड्याने झोप येते तर चमचाभराने जास्त येईल" असं करू नये. ५ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे साधारण एक अख्खं जायफळ, विषारी ठरू शकतं. मळमळ, धडधड, भ्रम असं सगळं होतं आणि दीड-दोन दिवस उतरत नाही.

लॅबकोट
बाटलीबद्दल लिहितो. अमेरिकेत १९९४ च्या कायद्यानुसार मेलाटोनिन आहारपूरक म्हणून विकलं जातं. बाजारात येण्याआधी औषधासारखी तपासणी होत नाही. कॅनडात ३१ उत्पादनं तपासली होती, निकाल २०१७ मध्ये आले. लेबलपेक्षा ८३ टक्के कमी ते ४७८ टक्के जास्त इतकी तफावत होती, आणि ८ उत्पादनांत सेरोटोनिन हे दुसरंच हार्मोनही सापडलं. २०२३ मध्ये अमेरिकेत २५ गमीज तपासल्या, त्यातल्या २२ वर लिहिलेला आकडा चुकीचा निघाला. एका गमीत तर मेलाटोनिन नव्हतंच.

म्हणून गमीज बाजूला ठेवा. "यूएसपी व्हेरिफाइड" (स्वतंत्र संस्थेने तपासल्याचा) हा शिक्का असलेल्या १ किंवा ३ मिलिग्रॅमच्या साध्या गोळ्या घ्या. घटकांच्या यादीत मेलाटोनिनशिवाय दुसरं झोपेचं काही नको. तिथल्या दुकानात शेजारीच नावापुढे "पीएम" लावलेल्या वेदनाशामक गोळ्या असतात. त्यांत डायफेनहायड्रामिन हे गुंगी आणणारं अ‍ॅलर्जीचं औषध असतं. सत्तरीच्या माणसाला त्याने गोंधळल्यासारखं होतं, तोल जातो, आणि प्रोस्टेट वाढलेलं असेल तर लघवी अडते. चुकून ती पिशवीत येऊ देऊ नका.

गमीज घरात असतील तर लहान मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा ठेवा. अमेरिकेतल्या विषबाधा केंद्रांकडे मुलांनी मेलाटोनिन खाल्ल्याच्या नोंदी २०१२ मध्ये ८,३३७ होत्या, २०२१ मध्ये ५२,५६३ झाल्या. आजी-आजोबांच्या उशाशी ठेवलेली रंगीत गमी नातवाला गोळ्या-चॉकलेटच वाटते.

रात्रपाळी_दादा
ठीक आहे, १० चं मत मागे घेतो. पण मग ३ ची गोळी भारतातूनच न्यावी का? आणि अर्धी करायची असेल तर?

लॅबकोट
नेता येईल. मेडिकलमधून पाकिटासकट आणि बिलासकट घ्या, सुटी पुडी नको. अर्धी करायला प्लॅस्टिकची गोळी कापायची डबी मिळते, आत पातं असतं. गोळी पात्याखाली मधल्या खाचेवर बसवायची आणि झाकण एका दमात दाबायचं, हळूहळू दाबलं की भुगा होतो. ३ ची अर्धी दीड, पाव म्हणजे पाऊण मिलिग्रॅम. पाव तुकडे कधीच सारखे होत नाहीत, पण ०.५ ते ५ सगळंच चालतं म्हटल्यावर त्याने फरक पडत नाही. हळूहळू सुटणारी गोळी मात्र कापायची नाही, सगळं औषध एकदम सुटतं. गमी कापून "अर्धी मात्रा" ठरवू नका, औषध तिच्यात सारखं पसरलेलं असेलच असं नाही.

डॉ_उंबरठा
औषधांबद्दल. मेलाटोनिन यकृतात सीवायपी१ए२ या एन्झाइमने मोडतं. ते अडवणारं औषध चालू असेल तर रक्तातली पातळी कितीतरी वाढते. सर्वात ठळक फ्लुवॉक्सामिन (नैराश्य, मंत्रचळ यांवरचं औषध), त्याच्याबरोबर मेलाटोनिन नकोच. प्रवासाच्या औषधांच्या पिशवीत पोट बिघडलं तर म्हणून सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक असतं, तेही हेच एन्झाइम अडवतं. ते चालू केलं तर मेलाटोनिन थांबवा. वॉरफेरिनवर (रक्त पातळ करणारं औषध) असलेल्यांनी आणि अपस्माराच्या रुग्णांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. अवयव प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं असतील तरी तसंच.

बाबांचं अ‍ॅम्लोडिपिन: त्याच गटातल्या निफेडिपिनबरोबर मेलाटोनिन घेतल्यावर रक्तदाब वाढल्याचं आढळलं आहे. अ‍ॅम्लोडिपिनला सरळ तोच नियम लागू करत नाही, पण रक्तदाब मोजायचं यंत्र बरोबर द्या आणि पहिले चार-पाच दिवस सकाळ-संध्याकाळ मोजून वहीत लिहायला सांगा.

आईचं जास्त महत्त्वाचं. मेलाटोनिन रक्तात असताना जेवलं तर इन्सुलिन कमी सुटतं आणि साखर वर जाते. रात्रीचं जेवण ७ ला उरकलं तर ९:३० ची गोळी ठीक. जेवणाला ९ वाजणार असतील तर गोळी जेवणाला चिकटून देऊ नका. दुसरं, पश्चिमेला जाताना त्यांचा प्रवासाचा दिवस ३३:३० तासांचा होतो. "रात्रीचं इन्सुलिन" कुठल्या रात्री, हे निघण्याआधी त्यांच्या डॉक्टरांकडून तासांसकट लिहून घ्या. अंदाजाने एक डोस जास्त गेला तर विमानात साखर खाली जाईल. ग्लुकोज बिस्किटं आणि साखर मोजायचं यंत्र हातातल्या बॅगेत, चेक-इनमध्ये नको.

चाफेकळी
डॉक्टर, मनापासून आभार. इन्सुलिनचं उद्याच विचारते. विमानात गोळी द्यायची की नाही हे राहिलं. आणि रात्री २ ला उठून बसले तर?

घड्याळ_दुरुस्ती
विमान १ ला सुटतं तेव्हा त्यांच्या शरीराची रात्र चालूच आहे. तेव्हा गोळी नको, उपयोग नाही. झोप येईल तेवढी येऊ द्या, त्या वयाला जबरदस्तीने जागं ठेवायला जाऊ नका. न्यू जर्सीची रात्र भारतीय वेळेने सकाळी ७:३० पासून, म्हणजे सुटल्यावर साडेसहा तासांनी सुरू होते. तेव्हा जाग असेल तर १ मिलिग्रॅम, डोळ्यांवर पट्टी, खिडकी बंद. शेवटचे आठ-नऊ तास जितकी झोप मिळेल तितकी पथ्यावर. गोळीबरोबर वाइन किंवा दुसरी झोपेची गोळी अजिबात नको.

रात्री २ ला उठतीलच, पहिल्या दोन-तीन रात्री नक्की. तेव्हा भारतात ११:३० वाजलेले असतात, म्हणून खरीखुरी भूक लागते. ती जेवायच्या वेळेची भूक आहे. एखादं केळं, दोन बिस्किटं ठीक (आईंची साखर बघून). पण स्वयंपाकघरातला मोठा दिवा लावून आल्याचा चहा टाकला की संपलं. चहातलं कॅफीन ५ तासांनीही अर्धं अंगात असतं. आणि कॅफीनसुद्धा त्याच एन्झाइमने मोडतं, त्यामुळे गोळीचा असरही लांबतो. बाथरूमपर्यंत जमिनीलगतचा छोटा पिवळा दिवा लावून ठेवा, म्हणजे मोठा दिवा लावायची वेळच येणार नाही आणि कुणी अडखळणारही नाही. उठायला अजून ४ तास असतील तर अर्धा मिलिग्रॅम घेता येईल, नाहीतर नुसतं पडून राहायचं.

स्टेथोस्कोप_नाही
मुळात याने किती फरक पडतो? झोप लागायला सरासरी सात मिनिटं कमी लागतात, असं वाचलंय. सात मिनिटांसाठी एवढं?

लॅबकोट
तो आकडा निद्रानाशाच्या अभ्यासांचा आहे आणि बरोबर आहे. रोजच्या निद्रानाशासाठी मेलाटोनिन अगदी सौम्य. अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनने २०१७ मध्ये त्यासाठी ते देऊ नये अशीच, सौम्य शब्दांत, शिफारस केली. जेट लॅगमध्ये झोप यायची क्षमता शाबूत असते, तिची वेळ चुकलेली असते. अजिबात उजेड न दिसणाऱ्या अंधांमध्ये हे सर्वात स्वच्छ दिसतं: उजेडच नाही म्हणून त्यांचं घड्याळ रोज थोडं थोडं घसरत जातं. २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १० मिलिग्रॅम मेलाटोनिनने त्यांतल्या बहुतेकांचं घड्याळ २४ तासांवर बांधता आलं. ते काम सात मिनिटांच्या आकड्यात दिसत नाही.

सिडनीकर
अवांतर: ऑस्ट्रेलियाचं कुणी सांगेल? डिसेंबरमध्ये फरक ५:३० तासांचा आहे.

घड्याळ_दुरुस्ती
पूर्वेला, त्यामुळे घड्याळ पुढे आणायचं. सिडनीच्या रात्री १० ला गोळी, म्हणजे भारतीय दुपारचे ४:३०, शरीराच्या संध्याकाळच्या आधी. अगदी योग्य जागा. सकाळी ९:३० च्या आधी गॉगल, नंतर भरपूर ऊन (६:३० ला उठणाऱ्यासाठी हा हिशोब). लंडन त्याच्या उलट: रात्री झोप सहज लागते, पहाटे २–३ ला जाग येते. तिथे झोपताना गोळी नको. जाग आल्यावर ०.५, तीही उठायला ४ तास असतील तरच.

रात्रपाळी_दादा
सवय लागते का?

डॉ_उंबरठा
अल्प्राझोलामसारख्या झोपेच्या गोळ्यांची लागते तशी नाही. आठवडाभर घेतल्याने स्वतःचं मेलाटोनिन बनणं बंद पडत नाही. जेट लॅगसाठी ४–५ रात्री पुरतात, मग बंद करायचं. गोळीनंतर ५ तास गाडी चालवायची नाही, हे दादा तुमच्यासाठीही.

चाफेकळी
सगळं एका कागदावर उतरवलंय, बघून सांगा. विमानात भारतीय सकाळी ७:३० नंतर १ मिग्रॅ. पोचल्यावर दुपारी जेवून फिरणं, १२ ते ५ बाहेर, डुलकी लागलीच तर २० मिनिटांचा गजर. पहिल्या दिवशी ५:३० नंतर आणि दुसऱ्या दिवशी ७ नंतर पडदे. जेवण ७ ला. रात्री ९:३० ला ३ मिग्रॅ, चार रात्री, मग बंद. चहा दुपारी १२ नंतर नाही (बाबा कुरकुरणार). परतीचंही सांगून टाका म्हणजे कागदाच्या मागे लिहिते.

घड्याळ_दुरुस्ती
कागद अगदी बरोबर. पण चाचणी म्हणून निघायच्या आठवडाभर आधी पुण्यात एका रात्री १ मिग्रॅ द्या. कुणाला डोकेदुखी, भयंकर स्वप्नं किंवा सकाळी जडपणा येतो, ते घरीच कळलेलं बरं.

परत येताना पूर्वेला ९:३० तास, जास्त अवघड. शरीराचं घड्याळ मुळात २४ तासांपेक्षा जरासं लांब असतं, त्यामुळे मागे जायला तयार, पुढे यायला नाखूश. रोज तासभरच पुढे येतं. म्हणून निघण्याआधीच सुरुवात: दोन दिवस रोज एक तास लवकर झोपणं-उठणं, आणि संध्याकाळी ५ ला ०.५ मिग्रॅ. तीन दिवस केलेलं आणखी चांगलं, पण नातवंडांच्या घरात संध्याकाळी ७ ला कोण झोपू देणार. एवढं केलं तर शरीराची पहाट भारतीय वेळेने सकाळी १०:३० ला पडते. पुण्यात पोचल्यावर त्याच्या आधीचं ऊन टाळायचं, म्हणजे सकाळचं फिरणं चार-पाच दिवस बंद, ११ नंतर गच्चीत किंवा बाल्कनीत. रात्री १० ला ३ मिग्रॅ.

चाफेकळी
सकाळचं फिरणं बंद, हे बाबांना पटवणं चहापेक्षा कठीण! परतीचं तिकीट १२ नोव्हेंबरचं आहे.

सिडनीकर
मग थांबा. अमेरिकेत नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात. १२ तारखेला फरक ९:३० नाही, १०:३० तासांचा असेल.

घड्याळ_दुरुस्ती
बरोबर पकडलंत, तारीख न विचारता हिशोब केला. ताई, कागदाच्या मागची बाजू अशी बदला: पुण्यात सकाळी १०:३० ऐवजी ११:३० पर्यंत ऊन टाळणं, बाल्कनी १२ नंतर, आणि रात्रीची गोळी १० ऐवजी ११ ला. न्यू जर्सीतली संध्याकाळी ५ ची अर्ध्या मिलिग्रॅमची गोळी तिथल्या घड्याळाने ५ लाच.